विकण्याचं स्वातंत्र्य

(दृश्य : लासलगाव बाजार समिती, सकाळ. ट्रॅक्टरच्या रांगा.)

लिलावाला अजून अवकाश आहे. निफाड, येवला, चांदवडकडून आलेले ट्रॅक्टर पहाटेपासून रांगेत उभे आहेत. ट्रॉल्यांमध्ये उन्हाळ कांदा आहे. थंडीत लावलेला, मार्च-एप्रिलात काढलेला, पात कापून, सुकवून कांदाचाळीत साठवलेला. चाळीतला कांदा रोज घटतो. वजन उतरतं, तळाचा थर सडतो, पावसाळी हवेत कोंब फुटतात. आज ट्रॉली भरायची की अजून आठ दिवस कळ काढायची, हा हिशोब या माणसांच्या डोक्यात सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा चालू असतो.

आता नीट बघा. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी थांबतो. कुणी दोन कांदे उचलून दाबून पाहतो, कुणी साल चोळतो. बोली पुकारली जाते. आकडा चढतो, अडखळतो, पुन्हा थोडा चढतो आणि थांबतो. भाव लिहिलेला कागद शेतकऱ्याच्या हातात पडतो, तोवर घोळका पुढच्या ट्रॉलीला भिडलेला असतो. त्यानंतर भुईकाटा. भरल्या ट्रॉलीचं वजन, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली, रिकाम्या ट्रॉलीचं वजन, आणि शेवटी हिशोबपट्टी. सात-आठ महिन्यांच्या मेहनतीचा निकाल लागायला मिनिटभरही लागत नाही.

ही बोली फक्त या घोळक्याची नसते. बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, आखाती देश, तिथल्या गिऱ्हाइकांची गरजही या आकड्यात बोलत असते. परदेशी मागणी असली की व्यापारी चढाओढीनं घेतो. हा बाजार आहे, आणि तो मोकळा असेल तर शेतकऱ्याला त्याची भीती नाही. त्याला भीती आहे ती रात्री निघणाऱ्या अधिसूचनेची.

(दृश्य : थांबलेला लिलाव, कांदा रस्त्यावर ओतणारे शेतकरी. संग्रहातली चित्रफीत.)

ऑगस्ट 2023. कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क. ऑक्टोबर अखेरीस किमान निर्यात मूल्य, टनाला 800 डॉलर. आणि 7 डिसेंबरच्या आदेशानं निर्यात संपूर्ण बंद. लाल कांदा नुकताच बाजारात यायला लागला होता. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले, शेतकरी महामार्गावर उतरले. बंदी उठायला 4 मे 2024 उजाडला, तीही 40 टक्के शुल्क आणि 550 डॉलरची किमान किंमत ठेवून. त्यानंतरच्या लोकसभा निवडणुकीत कांद्याच्या पट्ट्यानं काय कौल दिला, ते सर्वांसमोर आहे.

शेत त्याचं, बियाणं त्याचं, कर्ज त्याच्या नावावर, सडलेला कांदाही त्याचाच. फक्त गिऱ्हाईक कोण, हे ठरवण्याचा हक्क दिल्लीकडे. कुठल्याही कारखानदाराला सरकारनं असं वागवलं असतं, तर त्याला आपण नागरी हक्कांवरचा घाला म्हटलं असतं. शेतकऱ्याच्या बाबतीत त्याला ‘ग्राहकहित’ म्हणतात.

(दृश्य : चाकणजवळचं आंबेठाण. माळ, विहीर, जुनी छायाचित्रं.)

हे बोलायला लागणारा पहिला मोठा आवाज या माळावरून उठला. शरद जोशी. जन्म 1935, सातारा. भारतीय टपाल सेवेत अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून ते भारतात परतले आणि आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले. जागेचं नाव अंगारमळा. आज हा परिसर कारखान्यांनी वेढलाय, तेव्हा इथे खडक आणि उन्हाशिवाय फारसं काही नव्हतं.

त्यांनी शेतीचा जमाखर्च लिहायला सुरुवात केली. खत, बियाणं, मजुरी, वाहतूक, हमाली, तोलाई सगळं मांडलं. नीट शेती करूनही तोटा येतो हे कागदावर दिसलं. मग त्यांनी प्रश्न उलटा करून विचारला. शेतकरी आळशी आहे, अडाणी आहे, लग्नात पैसा उडवतो, ही सगळी उत्तरं चुकीची असतील तर? भाव आपोआप पडत नसेल, पाडला जात असेल तर? शेतीमालाचा भाव चढू लागला की निर्यात रोखायची, आयात आणायची, साठ्यावर मर्यादा घालायची, आणि भाव पडला की ‘बाजाराचा नियम’ म्हणून हात झटकायचे, या धोरणाला त्यांनी नाव दिलं, उणे सबसिडी. म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत काही नाही, उलट त्याच्या खिशातून काढून घेतं.

1979 मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. चाकणच्या कांदा आंदोलनानंतर 1980 मध्ये नाशिकचं ऊस-कांदा आंदोलन पेटलं, रेल्वे थांबल्या, रस्ते थांबले. 1981 मध्ये निपाणीचे तंबाखू उत्पादक रस्त्यावर बसले. गोळीबार झाले, शेतकरी मेले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा याच काळातली. छातीवर लाल बिल्ला. आजही जुने कार्यकर्ते तो पेटीतून काढून दाखवतात, तसा या काकांनी आम्हाला दाखवला.

(दृश्य : पैनगंगेवरचा पूल, यवतमाळ जिल्हा. पलीकडे आदिलाबाद.)

आता या पुलावर थोडं थांबू या. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण, पूर्वीचा आंध्र प्रदेश. दोन्ही तीरांवर तीच काळी माती, तोच कापूस. आणि तरीही अनेक वर्षं हा पूल कापसाला बंद होता.

1971 च्या कायद्यानं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, पुढच्या वर्षी ती लागू झाली. कापूस विकत घेण्याचा अधिकार फक्त सरकारी यंत्रणेला. खासगी व्यापाऱ्याला विकणं गुन्हा, परवानगीवाचून राज्याबाहेर नेणं गुन्हा. शेतकरी बैलगाडी जुंपून खरेदी केंद्रावर जायचा आणि रांगेत राहायचा, कधी कधी रात्री तिथेच काढायचा. गाडीखाली झोपायचं, बैलांना वैरण बरोबर न्यायची. मग प्रतवारी. ग्रेडर कापूस हातात घेऊन जो शेरा मारेल तो अखेरचा. पैसे एकरकमी नाहीत. हप्त्याहप्त्यानं, त्यातूनही कपात.

व्यापारी लुटतो म्हणून ही योजना आणली, असं सांगितलं जायचं. व्यापारी लुटत होता, हे खरंच आहे. म्हणून तर वऱ्हाडातल्या कारंज्याला 1886 मध्येच कापसाचा नियंत्रित बाजार सुरू करावा लागला. पण दहा लुटारूंपासून वाचवायचं तर अकरावा, बारावा, विसावा गिऱ्हाईक आणायला हवा होता. इथे नऊ हाकलले आणि एकालाच गल्ल्यावर बसवलं. त्या एकाकडे पैसा नसेल, गोदाम भरलं असेल, ग्रेडरशी जमत नसेल, तर शेतकऱ्यानं जायचं कुठे?

तो रात्री पूल ओलांडायचा. चेकपोस्ट चुकवून, आडवाटेनं, स्वतःच्याच शेतातला कापूस चोरासारखा घेऊन. पलीकडे भाव बरा मिळायचा आणि पैसे रोख. शेतकरी संघटनेनं हीच गोष्ट दिवसाउजेडी करायचं ठरवलं. सीमापार कापूस आंदोलन ते हेच. आम्ही माल नेणार, सर्वांदेखत नेणार, अडवायचं तर अडवा. एकाधिकार पुढे तोट्यात रुतला आणि या शतकाच्या सुरुवातीला संपला.

उसाचीही तीच कथा होती. झोनबंदी. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा हे शेतकऱ्यानं नव्हे, नकाशावरच्या रेषेनं ठरवायचं. शेजारचा कारखाना जास्त भाव देत असला तरी रेषेपलीकडे मोळी न्यायची नाही. तीही बंदी संघटनेनं लढूनच सैल करून घेतली.

(दृश्य : कायद्याच्या पुस्तकाची पानं.)

या सगळ्याची मुळं घटनेतल्या दुरुस्त्यांपर्यंत जातात. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं नववं परिशिष्ट आलं. त्यात टाकलेल्या कायद्यांविरुद्ध मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात जाता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. शेतीमालाच्या साठ्यावर, भावावर आणि व्यापारावर सरकारला ताबा देणारा 1955 चा आवश्यक वस्तू कायदा 1976 मध्ये तिथे जाऊन बसला. संघटना स्थापन झाली त्याच 1979 मध्ये 44 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला गेला. ज्याची सगळी मालमत्ता उघड्यावर, सातबाऱ्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, त्याला याची झळ सगळ्यात जास्त बसली.

1991 मध्ये उद्योगांवरचा परवाना-राज बराचसा मोडला. पुण्या-मुंबईच्या उद्योजकाला मोकळा श्वास मिळाला, आंबेठाणच्या शेतकऱ्याला नाही. शरद जोशी ‘इंडिया’ आणि ‘भारत’ असं म्हणायचे, त्याचा अर्थ इथे लख्ख कळतो. देशातले बहुतेक शेतकरी नेते जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध उभे होते, तेव्हा ते त्याच्या बाजूनं बोलले. जगाचा बाजार उघडू द्या, आम्ही तिथे उतरायला तयार आहोत. शेतकऱ्याच्या क्षमतेवर एवढा विश्वास त्या वेळी दुसऱ्या कुणी दाखवला नव्हता.

2020 मध्ये केंद्रानं तीन कृषी कायदे आणले, त्यातल्या एकानं आवश्यक वस्तू कायदा शिथिल करायला घेतला. 15 सप्टेंबरला ते विधेयक लोकसभेत मंजूर झालं, आणि त्याच्या आदल्या दिवशी, 14 सप्टेंबरला, कांद्याची निर्यात बंद झाली होती. पंजाब-हरियाणातल्या शेतकऱ्यांना हमीभावाची खरेदी जाईल अशी धास्ती होती. वर्षभराच्या आंदोलनानंतर तिन्ही कृषी कायदे मागे घेतले गेले. नाशिकच्या आणि विदर्भाच्या शेतकऱ्याला जे हवं होतं, तेही त्यात गेलं.

(दृश्य : महिला सातबारा उतारा दाखवताना. अंगण.)

या ताईंच्या हातातला उतारा पाहा. नावाच्या रकान्यात त्यांचं नाव आहे. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं होतं. लाखोंनी बाया आल्या होत्या, पोरं कडेवर, भाकरी फडक्यात बांधून. त्या विचारातून पुढे लक्ष्मीमुक्ती कार्यक्रम आला. नवऱ्यानं स्वखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. ना मोर्चा, ना कायद्याची सक्ती. सरकारपुढे आपल्या मालाचा हक्क मागणाऱ्यानं घरात तो हक्क बायकोला नाकारायचा नाही, इतकी सरळ मांडणी होती आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती मानली. चळवळीच्या इतिहासात याला दोन ओळींच्या वर जागा मिळत नाही. ती मिळायला हवी.

याच ताई आता कपाशीच्या ओळीत वाकल्यात.

(दृश्य : निंदणी. विळा, वाकलेल्या पाठी.)

पावसाळ्यात तण कपाशीच्या वर जातं. डवरणी केली तरी ओळीतलं गवत हातानंच काढावं लागतं. दिवसभर उकिडवं बसून पुढे सरकायचं. पाऊस लागून राहिला की वाफसा नाही, म्हणजे रानात शिरता येईल इतकी माती सुकत नाही, वाफसा आला की सगळ्या गावाला एकाच वेळी मजूर हवे. तोवर गवतानं खत खाल्लेलं असतं. तणनाशकाला दाद न देणारी कपाशी अनेक देशांत शेतकरी पेरतात. भारतात तिला परवानगी नाही. बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली, त्याच्याही आधी गुजरातच्या शेतांत ती पोचली होती.

10 जून 2019. अकोला जिल्हा, अकोट तालुका, अकोली जहांगीर. मोबाइलवर टिपलेली ही दृश्यं आहेत. शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी सरकारला आधी कळवून, माध्यमांना बोलावून, तणनाशक-सहनशील कपाशीचं बियाणं मातीत टोकलं. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली याला तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. सरी पाडलेलं रान, भोवती उभे शेतकरी, आणि मधोमध बियाणं टाकणारे हात. ‘तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य’ अशी मागणी होती. नंतर गुन्हे दाखल झाले.

परवानगी नाही म्हणून हे बियाणं थांबलेलं नाही. ते विदर्भात चोरवाटेनं येतं, साध्या पाकिटात, बिलाशिवाय. उगवलं नाही, भेसळ निघाली, तर दुकानदार ओळख देत नाही. कृषी खात्याकडे तक्रार करायला पावती लागते, आणि पावती नसताना तक्रार केली तर पहिला गुन्हेगार पेरणारा स्वतः ठरतो.