उपमा नावाची नटी

(पडद्यावर एकच ओळ: तिचा आवाज झऱ्यासारखा नितळ आहे.)

ज्याचं वर्णन करायचं तो आवाज, म्हणजे उपमेय. ज्याची उपमा दिली तो झरा, उपमान. नितळपणा दोघांतही आहे, तो साधारण धर्म. आणि ‘सारखा’ हा साधर्म्य दाखवणारा शब्द. चौघंही हजर, म्हणून ही पूर्ण उपमा, तुलनेवर उभा असलेला काव्यातला अलंकार.

(ओळ बदलते.)

‘तिचा आवाज जणू झराच.’ आता तुलना मागे पडली, कल्पना पुढे आली. ही उत्प्रेक्षा. ‘तिच्या आवाजाच्या झऱ्यात सभा न्हाऊन निघाली.’ इथे दोघांत भेदच उरला नाही, हे रूपक. ‘छे, आवाज कसला, हा तर झराच!’ उपमेय चक्क नाकारलं, की अपन्हुती. ‘झऱ्याहूनही नितळ आवाज’ म्हटलं, की उपमेय वरचढ, तो व्यतिरेक. आणि झरा समजून एखादं तहानलेलं हरीण तिच्या गाण्याकडे धावलं तर? हा भ्रांतिमान. गफलत हरणाची होते, कवी पुरता शुद्धीवर असतो.

(जुन्या पोथीची पानं.)

१६व्या शतकातले संस्कृत काव्यशास्त्रकार अप्पय्य दीक्षित यांनी ‘चित्रमीमांसा’ या ग्रंथात हाच खेळ चेहरा आणि चंद्र घेऊन मांडला. उपमा ही एकटीच नटी, ते म्हणतात. काव्याच्या रंगमंचावर ती निरनिराळ्या भूमिका घेऊन येते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार ४च होते: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. दीक्षितांच्याच ‘कुवलयानंदा’त ते शंभरावर गेले. इतकी नावं पाठ करण्यापेक्षा ही नटी ओळखायला शिकणं कधीही सोपं.

पण विद्यार्थी बहुधा तिला दागिन्यांवरून ओळखायला जातात. ‘सारखा’ दिसला, लिही उपमा. ‘वाटे’ दिसला, लिही उत्प्रेक्षा. मग ‘पाऊस सारखा पडतोय’ याचं काय? इथे तुलनाच नाही. ‘मला तिच्यासारखी वही हवी’ यात तुलना आहे, पण कल्पनेची चमत्कृती नाही, म्हणून अलंकारही नाही. तेव्हा आधी उपमेय आणि उपमान शोधा. दोघांचं नातं सारखेपणाचं, एकरूपतेचं की चढाओढीचं, ते ठरवा. नाव आपोआप सापडतं.

(दोन ओळी: पाणी नितळ, सावली शीतळ.)

यमक, अनुप्रास, श्लेष यांची जात वेगळी. हे शब्दालंकार. त्यांची परीक्षा सोपी आहे: शब्द काढा, त्याच अर्थाचा दुसरा घाला. ‘शीतळ’च्या जागी ‘थंडगार’ लिहिलं, की अर्थ राहतो, यमक जातं. ‘झऱ्यासारखा नितळ’ या सुरुवातीच्या ओळीत मात्र ‘नितळ’ऐवजी ‘निर्मळ’ लिहिलं, तरी उपमा जागची हलत नाही. ती अर्थावर उभी असते.