टॉर्पेडोचा नेम आणि तीन पितळी पट्ट्या
२९ मे १८७७. पेरूचा किनारा, इलो बंदराजवळचा समुद्र. ब्रिटिश नौदलाचं शाह नावाचं जहाज बंडखोरांच्या ताब्यातल्या हुआस्कार या पेरूच्या चिलखती जहाजाशी लढतंय, गोळ्यांवर गोळे बसतायत पण चिलखत काही फुटत नाहीये, म्हणून मग शेवटी शाहवरून एक टॉर्पेडो सुटतो, म्हणजे पाण्यातून स्वतःच्या इंजिनाने जाऊन जहाजावर आदळणारा स्फोटक बाण. ब्रिटिशांनी लढाईत सोडलेला हा पहिलाच व्हाइटहेड टॉर्पेडो, आणि तो वाया गेला, हुआस्कार निसटलं.

आता नीट बघा अडचण कुठे होती. तोफेचा गोळा काही सेकंदात पोचतो, टॉर्पेडोचं तसं नाही. समजा तो २४ नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) चाललाय आणि ५०० मीटर कापायचेत, तर साधारण ४० सेकंद लागणार, आणि तेवढ्यात १२ नॉटने जाणारं समोरचं जहाज २५० मीटर पुढे सरकलेलं असणार. म्हणजे नेम जहाजावर धरायचाच नाही, पुढच्या मोकळ्या पाण्यावर धरायचा. पण किती पुढे?

त्यासाठी डेकवर एक पितळी यंत्र बसवायचे, टॉर्पेडो डायरेक्टर. मुख्य गोष्ट म्हणजे तीन पट्ट्या. एक शत्रूचं जहाज ज्या दिशेने चाललंय तिला समांतर ठेवायची आणि तिच्यावर त्याचा वेग लावायचा, दुसरी टॉर्पेडो जाणार त्या दिशेला, तिच्यावर टॉर्पेडोचा वेग, आणि तिसरीवरून डोळा लावून बघत थांबायचं, जहाज त्या रेषेत आलं की फायर! दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण आठवतायत ना, तेच हे, समुद्रावर एक प्रचंड त्रिकोण आणि हातात त्याची छोटी पितळी नक्कल. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की शत्रू किती लांब आहे हे या यंत्राला विचारावंच लागत नाही, टॉर्पेडोच्या पल्ल्यात असला की झालं, कोन तोच राहतो.

पण वेग? तो कोण सांगणार? तो अधिकाऱ्याने नजरेनेच ठरवायचा, नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, पाणी किती उसळतंय, मागे फेस किती लांब पडतोय, यावरून, तेही कित्येकदा रात्री, हलणाऱ्या छोट्या बोटीवर उभं राहून. आणि १२ च्या जागी ९ नॉट धरले की त्या ४० सेकंदात ६० मीटरचा फरक पडतो, म्हणजे १०० मीटर लांब जहाजाच्या मधोमध धरलेला नेम थेट मागच्या टोकाच्या पलीकडे.

पितळ कितीही बारीक घासा, आत घातलेला आकडा अंदाजाचाच. समोरच्यांनाही हे पक्कं माहीत होतं. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने जहाजांवर आडवेतिडवे काळे-पांढरे पट्टे मारायची कल्पना मांडली, जहाज लपवायला नाही हां, ते नेमकं कुठल्या दिशेला चाललंय हे पाणबुडीतल्या माणसाला कळू नये म्हणून. काही जहाजांच्या तर नाळेपाशी चक्क रंगाने खोटी लाट काढलेली असायची, वेगाचा अंदाजही चुकावा म्हणून.