'झोपेची गोळी' नावाची गोळी नसते
(ज्येष्ठ नागरिक संघातल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, तीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे. रोज एक तरी गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ती झोपेची गोळी द्या, छोटी, पांढरी." छोट्या पांढऱ्या गोळ्या दुकानात शेकड्यांनी आहेत. थायरॉइडचीही तशीच असते! म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आधी आत्याची गोष्ट. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला झोप येईना, म्हणून अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम लिहून दिली. चिठ्ठीवर स्पष्ट होतं, सात दिवस. त्या सात दिवसांची नऊ वर्षं झाली, ०.२५ ची ०.५ झाली. उशाशी स्टीलची डबी असायची. रात्री गोळी सुरीने अर्धी करायची, एक तुकडा लगेच, दुसरा तासाभराने, आणि पाटावर सांडलेला चुरा बोटाने टिपून जिभेवर. आम्ही घरचे म्हणायचो, असू दे, झोपते ना. मीही म्हणायचो, आणि त्याची खंत मला आजही आहे.

मग ती काशीला गेली आणि डबी घरीच राहिली. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, दरदरून घाम, बरोबरच्या नणंदेला ओळखेना. संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर फिट आली. बायकांना वाटलं, ऊन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, रोजची कुठली गोळी बंद झाली? उत्तर एकच, "झोपेची होती." नाव कुणालाच ठाऊक नाही. रात्री अकराला मला फोन आला, मी नाव सांगितलं, तेव्हा उपचार मार्गी लागले. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाव-पाव कमी करत ती गोळी सुटायला आठ महिने लागले. म्हणून हात जोडून सांगतो, अशी गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. आता या गोळ्यांची घराणी भराभर सांगतो.

आधीच्या काळातली बार्बिच्युरेट्स, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. डोस जरा जास्त झाला की श्वास थांबायचा. त्यातली फिनोबार्बिटोन आज मुख्यतः फिट्ससाठी देतात. मग आली बेन्झोडायझेपिन्स. १९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड, १९६३ साली डायझेपाम, दोन्ही लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून. नावाच्या शेवटी 'झेपाम' किंवा 'झोलाम' दिसलं की बहुतेक हेच घराणं. मेंदूत 'गाबा' नावाचं शांतवणारं रसायन असतं, त्याचा जोर ही वाढवतात. गुण लवकर येतो आणि सवयही लवकर लागते. अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरते, डायझेपाम दिवसेंदिवस रेंगाळते. आपल्या वयात रात्री बाथरूमला उठताना तोल जातो तो यामुळेही. वर दारू घेतली, तर श्वासावरच बेततं.

झोल्पिडेम वेगळ्या घराण्यातली, पण गाबावरच काम करणारी. काही जण ती घेऊन झोपेतच चालतात, स्वयंपाकसुद्धा करतात. एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन या झोपेच्या गोळ्याच नव्हेत. त्या चिंतेच्या मुळाशी काम करतात, पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि लोक आठव्या दिवशीच "काही फरक नाही" म्हणून सोडतात. प्रोप्रानोलॉल छातीतली धडधड आवरते, पण दम्याच्या माणसाला चालत नाही.

आणि चिठ्ठी मागितली की माझ्यावर चिडू नका. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या २०१४ पासून सरकारच्या एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत अशा औषधांच्या यादीत आहेत. रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं जपावी लागते.

संयोजक उभे राहिले, थांबतो. ज्यांनी सांगितल्याप्रमाणे घरच्या स्ट्रिप्स आणल्या आहेत, त्यांनी इथे टेबलापाशी या. प्रत्येक गोळीचं नाव मोठ्या अक्षरात कागदावर लिहून देतो, तो पाकिटात ठेवा. पुढच्या रांगेपासून सुरू करू.