भिंतीवरून कापडावर

तांदळाच्या पिठात पाणी कालवले की वारली चित्राचा रंग तयार होतो आणि बांबूच्या काडीचे टोक चावून त्याचे तंतू मोकळे केले की कुंचलाही. ओली असताना ही रेघ जेमतेम दिसते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर ती वाळू लागली, की हळूहळू पांढरी होत जाते.

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत हे चित्र मुळात लग्नघराचे होते. घरातल्या अंधाऱ्या भिंतीवर सवाष्ण बायका चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहीत. त्यात मधोमध सुफलतेची पालघट देवी असे आणि चौक लिहिल्याखेरीज लग्न लागत नसे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले, कागद आणि रंग हाती आले, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे लग्नाची वाट न पाहता रोज चित्रे काढू लागले. त्यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातले मासेमारीचे जाळे बारीक रेघांनी असे विणलेले असते, की सारे कापड त्याच्या झोळासरशी हलल्यासारखे वाटते. मात्र ज्या बायकांच्या हातून ही कला आली, त्यांची नावे भिंतींबरोबरच पुसली गेली, हेही इथे नोंदवायला हवे.

आज शहरातला चित्रकार सुती कापडाला गेरूचा किंवा शेणाचा हात देतो आणि बहुधा पांढरा ॲक्रिलिक रंग वापरतो, कारण नुसते पीठ घडी पडताच झडते. साहित्य बदलले म्हणून चित्र बिघडते असे नाही. ते बिघडते कमरेत. वारली माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, आणि वरचा त्रिकोण त्या टोकावर किती कलतो, यावर तो माणूस भात लावतो आहे की कापलेला भारा उचलतो आहे, हे ठरते. पट्टी लावून आखलेले त्रिकोण साडीच्या काठावर शोभतात, पण त्यांतली माणसे नुसतीच उभी राहतात.

तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर चालणाऱ्या नाचाचे वेटोळे काढताना हीच कसोटी लागते. तारपा वाजवणारा मध्ये असतो, नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. म्हणून जाणता हात आधी तारपा काढतो, मग त्याच्या तोंडाकडून एकेक माणूस जोडत बाहेर येतो.