खर्जाची तार

(पडदा काळा. एकच आवाज: जाड तारेवर बोट पडतं, सूर रेंगाळतो आणि विरतो.)

ऐकलात हा सूर? मोबाईलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर एक गंमत सांगतो. तो तुमच्या कानावर पडलेलाच नाही. बेस गिटारची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला ४१ वेळा थरथरते. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला इतकं खाली उतरता येत नाही. तो वाजवतो ते ४१ च्या पटीतले वरचे स्वर: ८२, १२३, १६४. त्यांच्यावरून खालचा सूर मेंदू पदरचा घालतो. तेव्हा हेडफोन असतील तर लावा. नसतील तर मेंदूवर भिस्त.

(दृश्य: पुण्यातला एक फ्लॅट. सोफा भिंतीला सरकवलेला. सतरंजीवर दोन गिटारी, एक व्हायोलिन, एक कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), चहाचे कप.)

शनिवारची संध्याकाळ. हा आमचा बँड. सगळं अकूस्टिक, म्हणजे बिनविजेचं, निदान आम्ही तसं सांगतो. कोपऱ्यात मोड्यावर बसलाय तो आमचा बेसवाला. त्याच्या मांडीवर आहे ती पोकळ, लाकडी बेस गिटार, साध्या गिटारीची थोराड बहीण म्हणा. तो एकटा वाजवतो तेव्हा बरं वाटतं. दोन गिटारी सुरू झाल्या की तो मागे जातो. कहोनवर थाप पडली की संपलंच. बोटं हलताना दिसतात, आवाज नाही.

महिन्यापूर्वी त्याने जाहीर केलं, "गिटारच बदलतो." मोबाईलवर पंधरा-वीस गिटारींचे फोटो जमवून ठेवले होते. रंगासकट.

मी म्हटलं, थांब जरा. आधी बघू, आवाज जातो कुठे.

(दृश्य: डबल बेस, व्हायोलिनसारखं पण उभं धरून वाजवायचं वाद्य. वादक त्याच्याएवढाच उंच.)

४१ कंपनांच्या सुराची हवेतली लाट सव्वाआठ मीटर लांब असते, म्हणजे सत्तावीस फूट. एवढी लाट उठवायची तर पेटीही तशी दांडगी हवी. डबल बेस उगाच माणसाएवढा नसतो. त्याच्या तारेची वाजती लांबी जवळपास साडेतीन फूट, आणि यातलं सर्रास वापरलं जाणारं माप 'थ्री-क्वार्टर' म्हणून ओळखलं जातं. पाऊण! या धुडासमोर आमच्या बेसवाल्याची पेटी म्हणजे जेवणाचा डबा. तार खाली उतरते, पण तिचं ऐकून हवा हलवणारं कुणी नाही. त्यात आपले कानही पक्षपाती. मधल्या पट्टीतला आवाज चटकन पकडतात, खर्जाकडे कानाडोळा करतात.

डबल बेसचं दुखणं वेगळं. तो ऐकू येतो, पण न्यायचा कसा? हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याहून आलेल्या वादकांनी तो वाजवला. मुंबईत तो घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये शिरायचं मनात आणून बघा. अमेरिकेत तर बँडच्या गाडीच्या टपावर तो बांधून गावोगाव हिंडायचे. आणि ट्रम्पेटसारखी ब्रासची वाद्यं वाजायला लागली, विजेची गिटार आली, की तिथेही त्याची गत आमच्या बेसवाल्यासारखीच.

(दृश्य: कॅलिफोर्नियाचा नकाशा. फुलरटन.)

फुलरटन गावातला लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच त्याला ती वाद्यापेक्षा यंत्र म्हणून दिसली. १९५१ साली त्याने बेस बाजारात आणला तो लाकडाच्या भरीव फळीचा. पेटीच नाही! हवा हलवायचं काम पेटीकडून काढून ॲम्प्लिफायरकडे दिलं. तार चौतीस इंचांची, आडवी धरून वाजवायची, आणि मानेवर सतारीसारखे पडदे. डबल बेसवर बोट केसभर सरकलं की सूर ढळतो. इथे पडद्यामागे बोट ठेवलं की सूर जागच्या जागी. म्हणून नाव प्रिसिजन बेस. लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये मंक माँटगोमेरी तो वाजवायला लागला, तेव्हा जॅझवाल्यांनी नाकं मुरडली. दहा वर्षांत तो सगळीकडे होता.

पण मला बोलायचंय ते फळीबद्दल नाही. तारांबद्दल.

(दृश्य: डेट्रॉइट. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं दुमजली घर. दर्शनी भागावर 'हिट्सव्हिल यूएसए'.)

मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ या घरात होता. साठच्या दशकात इथून निघालेल्या गाण्यांवर अर्धं जग नाचलं, आणि त्यातल्या कितीतरी गाण्यांचा बेस एकाच माणसाचा: जेम्स जेमरसन. तो मूळचा डबल बेसवाला. त्याच्याकडे होता १९६२ सालचा प्रिसिजन बेस, ज्याला लोक 'फंक मशीन' म्हणत. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, आकड्यासारखी वाकवून तो तार ओढायचा. त्या बोटाचंही नाव पडलं होतं, 'द हुक'. तारा, बोटं दाबतात त्या मानेवरच्या पट्टीपासून उंच. घोडीपाशी झाकणाखाली स्पंज, म्हणजे सूर फार लांबायचा नाही. ठुम् करून बसायचा.

आणि तारा? जाडजूड, चपट्या वेटोळ्यांच्या. एकदा चढवल्या की तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत. त्या तारांवरचा घाम, मळ, सगळं त्याला हवं होतं. आज कुणी वर्षभर तारा बदलल्या नाहीत तर आपण त्याला आळशी म्हणतो. जेमरसनच्या बाबतीत तीच शैली ठरली. १९८३ साली तो गेला, वय ४७. त्याआधी थोडेच दिवस ती गिटार चोरीला गेली. ती अजून सापडलेली नाही.

(दृश्य: अगदी जवळून, दोन तारा शेजारी शेजारी. अंगठ्याचं नख एकीवरून ओढलं जातं, मग दुसरीवरून.)

हे नीट ऐका. पहिली तार: झर्रर्र. दुसरी: काहीच नाही.

बेसच्या तारेत आत पोलादाचा गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. वरची तार गोल असेल तर वेटोळ्यांमध्ये खाचा राहतात, नख त्यात अडखळतं. हीच ती राउंडवाउंड. आवाज चमकदार, पियानोसारखा धातूचा. वरची तार चपटी पट्टी असेल तर अंग गुळगुळीत, ती फ्लॅटवाउंड. आवाज गोल, मऊ, थोडा घुसमटलेला. सुरुवातीची बहुतेक बेस गिटार फ्लॅटवरच वाजली. १९६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये 'द हू' बँडच्या जॉन एंटविसलने रोटोसाउंड कंपनीच्या मदतीने आपल्याला हवी तशी राउंडवाउंड तार करून घेतली, आणि बेस मागच्या रांगेतून पुढे आला.

मग आला अमेरिकेतला बेसवाला जॅको पास्टोरियस. त्याच्या फेंडरच्याच १९६२ च्या 'जॅझ बेस'वरून पडदे काढून टाकलेले. लिओ फेंडरने जी सोय करून दिली होती, तीच याने उखडली! खाचा बुजवल्या. राउंडवाउंड तारांनी उघडं लाकूड खरवडू नये म्हणून पट्टीवर नावेला लावतात तो इपॉक्सी चढवला. त्याच्या बेसचा सूर दाबला की थेट उमटत नाही. 'म्वा' असा उमलत येतो.

(दृश्य: मिरजेतलं तंतुवाद्यांचं दुकान. कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतोय.)

हे आपल्याला नवीन नाही. तानपुऱ्याची घोडी किंचित उताराची असते, तार तिला निसटती टेकते, आणि टेकण्याच्या त्या जागेवरून वरचे स्वर सुटे होऊन बाहेर पडतात. दोरा एक केस पुढे, एक केस मागे, आणि जवारी लागते. पडदे नसलेल्या बेसवर तार सपाट लाकडाला अशीच हलकेच घासते. जॅकोने मिरज पाहिलं नसणार. पण खर्जाची तार ऐकू यावी म्हणून तिच्या वरचे स्वर जागे करायचे, हे दोघांनाही कळलं होतं. व्हिडिओच्या सुरुवातीला तुमच्या मोबाईलने केलं, तेही हेच.

(दृश्य: स्वयंपाकघर. गॅसवर पातेलं, त्यात उकळत्या पाण्यात वेटोळी.)

आता थोडं घरचं. मुंबई-कोकणात राहत असाल तर राउंडवाउंड तारा फार दिवस टिकत नाहीत. दमट हवा, घाम आणि खाचांत साठणारा मळ. चमक जाते, तार 'मेली' म्हणतात. नवा संच महाग, म्हणून कॉलेजात आम्ही तारा उकळायचो. दहा मिनिटं पाण्यात, मग कोरड्या फडक्याने पुसायच्या. खरंच जिवंत होतात. आठवडाभर. त्या पाण्याचा रंग बघून आईने विचारलं होतं, "हे आमटीचं पातेलं आहे ना रे?" होतं. नंतर माझं पातेलं वेगळं झालं.

पावसाळ्यात मानही हलते. चारही तारा मिळून ८० किलोच्या आसपास ओढत असतात, आणि लाकूड दमट हवेत फुगतं. मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ॲलन कीने ती पाव फेरा फिरवायची, आणि गिटार रात्रभर तशीच ठेवायची. घाईघाईत पूर्ण फेरा फिरवणाऱ्यांच्या गिटारी मी दुरुस्तीच्या टेबलावर पाहिल्यात.

(दृश्य: पुन्हा पुण्याची खोली. अकूस्टिक बेस, पेटीवर बाजूला छोट्या खुंट्यांची पट्टी.)

तर, आमचा बेसवाला. त्याच्या हातातल्या वाद्याचं मूळही तंतुवाद्याच्या तारा विकणाऱ्याकडेच जातं. अर्नी बॉलने १९७२ साली 'अर्थवूड' हा अकूस्टिक बेस काढला. प्रेरणा मेक्सिकोच्या मारियाची बँडमधल्या गिटारॉनची. तो गिटारॉन बघा कसा वाजवतात: पोट केवढं खोल, आणि एकाच वेळी दोन तारा ओढतात, एक खालच्या सप्तकातली, एक वरच्या. म्हणजे खर्ज एकट्याने पोचत नाही हे त्यांनाही ठाऊक. अर्थवूडचं पोट खोल होतं, पण लोकांना ते धरणं अवघड गेलं. पुढच्या कंपन्यांनी पोट सपाट केलं आणि आत पिकअप, म्हणजे कंपनं विजेत बदलणारा तुकडा, बसवला. १९८९ पासून टीव्हीवर 'अनप्लग्ड', म्हणजे बिनवायरीच्या, मैफली सुरू झाल्या, तेव्हा या बेसला दिवस आले. फक्त नीट बघितलं तर त्यातल्या बेसला वायर दिसते.

आमच्या बेसलाही वायर लागणार होती, एवढंच मान्य करायला महिना गेला.

घोडीच्या खाली पिझो पिकअप होताच, नऊ व्होल्टची बॅटरी मात्र दोन वर्षांपूर्वीची. ती बदलली. दहा इंची स्पीकरचा छोटा ॲम्प आणला, उसना. पहिल्याच सुराला हूंऽऽ करून अख्खी पेटी घुमायला लागली, कारण पोकळ पेटी स्पीकरचा आवाज ऐकते आणि पुन्हा पिकअपला देते. आवाजाच्या भोकात रबराचं झाकण बसवलं. ॲम्प त्याच्या पाठीमागून काढून बाजूला नेला. ४० च्या खालचं सगळं कापलं. इतकं खालचं आमच्या ॲम्पला झेपतही नाही, नुसता गढूळपणा येतो.

मग तारा. मुंबईत धोबी तलावला एका दुकानात काकांनी फोटोंकडे न बघताच विचारलं, "तारा कुठल्या आहेत सध्या?" याला आठवेना. विकत घेतल्या त्याच होत्या, ब्राँझच्या. काकांनी काळ्या नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या तारा काढल्या. "या लावून बघ. गिटार पुढच्या महिन्यात पण मिळते."

(दृश्य: खुंटीवर काळी तार फिरतेय. बोट नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी, दाबलेलं.)

त्या जाड असतात, नटच्या खाचेत बसत नाहीत, खाच कानसावी लागली. बिनवायरीच्या वाजवल्या तर ब्राँझपेक्षा आवाज कमीच, हेही सांगायला हवं. नुसत्या पेटीवर वाजवणार असाल तर ब्राँझच बरी. पण ॲम्पवर? डबल बेसच्या नात्यातला ठुम्म. बोट सरकल्याची चरचर गायब.

आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो फुकटात. आमचे दोन्ही गिटारवाले सहाच्या सहा तारांवर धडाधड स्ट्रम करायचे. त्यांच्या खालच्या दोन तारा बरोबर बेसच्या गल्लीत. एकाला कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून वर पाठवलं, दुसऱ्याला सांगितलं, जाड तारांना हात लावायचा नाही. तो रुसला. दोन शनिवार.

(दृश्य: बँड वाजवतोय. मधेच दाराची बेल.)

हा त्या दिवसाचाच आवाज. थांबा, ऐका. बेल.

दारात खालच्या मजल्यावरच्या काकू. "अरे, वर काय ढुम्म ढुम्म चाललंय? माझ्या कपाटातल्या वाट्या वाजतायत."

तीन वर्षं आम्ही इथे वाजवतोय. बेसची ही पहिली तक्रार. बेसवाल्याचा चेहरा बघा.

(दृश्य: तो उठतो, ॲम्प जमिनीवरून उचलून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवतो, खाली सतरंजीची घडी.)

"आता बघा हं काकू. कमी झालं?"

"झालं. पण ते बरं वाजत होतं," काकू म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.