एका टॅगसाठी वीस वर्षं

[पहाट. ॲरिझोनाचं वाळवंट. खडकाळ उतारावर एक रानमेंढा.]

समोरच्या कड्यावर उभा आहे तो डेझर्ट बिगहॉर्न. वाळवंटातला रानमेंढा. शिंगं मागे जाऊन पुन्हा गालापर्यंत वळलेली. त्याची शिकार करायची तर राज्याचा टॅग, म्हणजे एका जनावराच्या शिकारीची परवानगी, लागतो, आणि टॅग निघतो सोडतीत. म्हाडाच्या घरासाठी अर्ज भरून यादीत आपलं नाव शोधलेल्या माणसाला ही धाकधूक वेगळी सांगायला नको. इथे मात्र अर्ज दरवर्षी भरायचा असतो, आणि काहीजण तो वीस-पंचवीस वर्षं भरत आलेत.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने हौशी शिकार संपवली. अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. एकोणिसाव्या शतकात तिथे मांस-कातड्याच्या बाजारासाठी एवढी कत्तल झाली, की विसाव्या शतकाच्या तोंडावर एल्क हे सांबराहून मोठं हरीण एक लाखाच्याही खाली आलं होतं. आज एल्क दहा लाखांच्या आसपास आहेत. वन्य जनावर कुणा जमीनमालकाचं नाही, ते सगळ्या जनतेचं आणि राज्य त्याचं विश्वस्त, हे तत्त्व तिथे पक्कं रुजलं. कळपांची मोजणी होते, किती जनावरं काढली तर कळपाला धक्का लागणार नाही ते ठरतं, आणि तेवढेच टॅग निघतात. शिवाय १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला जातो. लांब नळीच्या बंदुकांवर तो ११ टक्के आहे.

म्हणजे व्यवस्थेचा पाया चांगला आहे. माझा प्रश्न अर्ज भरणाऱ्या माणसाच्या खिशाबद्दल आहे.

[टेबलावर कॅल्क्युलेटर, शेजारी जुनं कॅलेंडर.]

ॲरिझोनात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला अर्जाआधी शिकारीचा परवाना काढावा लागतो, १६० डॉलरचा. वर प्रत्येक जनावराच्या अर्जाचे १५ डॉलर. फक्त रानमेंढ्यासाठी धरलं तरी वर्षाला १७५. वीस वर्षांचे साडेतीन हजार डॉलर, आणि एवढ्यात टॅग मिळालेला नाही, फक्त रांगेत उभं राहून झालंय.

आता शक्यता. समजा, दरवर्षी नंबर लागण्याची शक्यता शंभरात एक आहे. वीस वर्षं भरूनही एकदा तरी नाव येण्याची शक्यता होते १८ टक्के. ती पन्नास टक्क्यांवर न्यायला ६९ वर्षं लागतात. आणि बाहेरच्या राज्यातल्या माणसाला रानमेंढ्याच्या अनेक सोडतींत शंभरात एकसुद्धा मिळत नाही.

यावर उपाय म्हणून पॉइंट आले. नंबर लागला नाही की एक पॉइंट जमा. नेवाडात पॉइंटांचा वर्ग करतात, म्हणजे दहा पॉइंटवाल्याच्या नावाच्या शंभराहून जास्त चिठ्ठ्या. कोलोरॅडोत एल्कच्या बहुतेक टॅगांसाठी सरळ रांग आहे, ज्याचे पॉइंट जास्त त्याला आधी. ऐकायला न्याय्य वाटतं. पण टॅग दहा आणि वरच्या पायरीवर माणसं हजार असतील, तर शेवटच्या माणसाचा नंबर शंभर वर्षांनी. त्याच्या मागे दरवर्षी नवे लोक येतात आणि लागणारे पॉइंट वर सरकत राहतात. शिकारी याला ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यातल्या नावाजलेल्या एल्क-क्षेत्रांत आज वीसहून अधिक पॉइंट लागतात. यंदा पहिला अर्ज भरणाऱ्या विशीतल्या मुलाला ही रांग कधीच गाठता येणार नाही, आणि तरी पॉइंटचे पैसे त्याच्याकडून घेतले जातात. मला हे अन्यायाचं वाटतं.

रांगेचे नियमही बदलतात. वायोमिंगने २०२२मध्ये कायदा करून रानमेंढा, मूस (एल्कहूनही मोठं हरीण) अशा जनावरांच्या टॅगमधला बाहेरच्यांचा वाटा १० टक्क्यांवर आणला. आधी रानमेंढ्यात तो २५ टक्के होता, मूसमध्ये २०. तिथे बाहेरच्या माणसाला मूसचा एक पॉइंट वर्षाला १५० डॉलरला पडतो. ज्यांनी पंधरा-वीस वर्षं पॉइंटसाठी पैसे भरले, त्यांची रांग एका कायद्याने लांबली. राज्याला तो अधिकार होता, जनावरं त्या राज्याची आहेत. पण ज्याने भरवशावर पैसे भरले, त्याचं दुःखही खरं आहे.

दुसऱ्या टोकाला लिलाव. दरवर्षी मोजके टॅग बोली लावून विकले जातात. २०१३मध्ये माँटानाचा रानमेंढ्याचा टॅग ४ लाख ८० हजार डॉलरला गेला. पाळीव मेंढ्यांकडून येणारा न्यूमोनिया रानमेंढ्यांचे कळप संपवतो, त्यांच्या संवर्धनाला बराच पैसा या वाटेने येतो. तो लागतोच, हे मला मान्य आहे. सामान्य माणसाच्या आवाक्यात मात्र सोडतच राहते.

[दुपार. मोकळं गवताळ माळरान, प्रॉन्गहॉर्न या काळविटासारख्या दिसणाऱ्या जनावराचा कळप.]

मग भरावा का अर्ज? मला विचाराल तर एल्कची मादी किंवा प्रॉन्गहॉर्न, ज्यांचा टॅग थोड्या वर्षांत निघू शकतो, त्यांच्यासाठी जरूर भरावा. मांस घरी येतं, रान पायाखाली येतं. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत पॉइंटच नाहीत. तिथे नवखा आणि जुना एकाच ओळीत. न्यू मेक्सिकोत ८४ टक्के टॅग स्थानिकांना, १० टक्के परवानाधारक वाटाड्याबरोबर जाणाऱ्यांना, आणि उरलेले ६ टक्के बाहेरच्यांना. चिमूटभरच, पण दरवर्षी पाटी कोरी असते.

रानमेंढ्यासाठी मात्र तेव्हाच भरावा, जेव्हा ते १७५ डॉलर रानमेंढ्याला दिले असं म्हणून झोप लागेल. तसं म्हणणारी माणसं मी ऐकली आहेत, आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

[संध्याकाळ. कड्याखालची पायवाट. म्हातारा माणूस, पुढे एक मुलगी.]

ॲरिझोनाच्या नियमात एक तरतूद आहे. आजोबांना लागलेला टॅग अल्पवयीन नातवंडाच्या नावे करता येतो, फक्त आजोबांनी शिकारीत सोबत असायला हवं. वीस-पंचवीस वर्षं एकाच जनावरासाठी अर्ज भरलेला माणूस नंबर लागल्यावर तो कागद नातीच्या हातात देतो, आणि दुर्बीण घेऊन तिच्या मागून चढायला लागतो.