संशय कोणाचा, पुरावा कोणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

मतदान केंद्रावर आलेल्या माणसाच्या ओळखीविषयी शंका असल्यास उमेदवाराच्या प्रतिनिधीला केंद्राध्यक्षांकडे दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. १९६१ च्या निवडणूक नियमांतील या तरतुदीनुसार आधी आक्षेप घेणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो, आणि आक्षेप खोडसाळ ठरला तर ते दोन रुपये जप्त होतात. रक्कम आज हास्यास्पद वाटेल, पण क्रम योग्य आहे. बोगस मतदान आपल्याकडे झालेच नाही असे कोणी म्हणणार नाही. बोटावरची शाई आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र त्यासाठीच आले. मात्र बोगस मतदानाची सरसकट हाकाटी सुरू झाली की हा क्रम उलटतो आणि पुराव्याचे ओझे मतदाराच्या डोक्यावर येते.

अमेरिकेतील कॅन्सस राज्याने २०१३ पासून मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला. परके लोक यादीत घुसतात, हे त्याचे कारण. २०१८ मध्ये न्यायालयाने हिशेब पाहिला, तेव्हा १९ वर्षांत यादीत आलेले अनागरिक फार तर ३९ निघाले, आणि कागदाअभावी नोंदणी अडलेले अर्जदार मात्र ३१ हजारांवर होते. न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

असा नियम सोलापुरात कोणाला अडवील? पूर्व भागातील विडी कामगार बाईच्या शाळेच्या दाखल्यावर, असलाच तर, माहेरचे नाव असते आणि आधारवर सासरचे. तेलुगू आडनाव मराठीत एका तऱ्हेने आणि इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. त्यातच कुटुंब शहरातून कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत राहायला गेले असेल, तर पत्ताही जुळत नाही. यात लबाडी कुठेच नाही. पण कागदांतील तफावत हाच गुन्हा मानला, तर पहिले नाव हिचेच कापले जाईल.

संशय घेणेच गैर, असे माझे म्हणणे नाही. माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतदान यंत्रावरील मोजणीविषयी शंका घेऊन डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचे ठरवले आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. त्यांची शंका बरोबर होती की चूक, हा वेगळा प्रश्न. पण ती मोजणीविषयी होती, आणि तिच्यामुळे शेजाऱ्याचे मत जाणार नव्हते.

यादीतील नावावर आक्षेप घ्यायचा तो नमुना ७ हा अर्ज भरून, आणि त्यातील जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या नावावर असा आक्षेप आला, तर म्हणणे मांडण्याची संधी मिळाल्याशिवाय ते वगळता येत नाही. म्हणून नोटीस आली की घाबरून घरी न बसता सुनावणीला जावे. निर्णय विरोधात गेला, तर पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

नमस्कार.